१०,००० वेळांचं पोर्ट तिसऱ्याच वर्षी का मरतं?

प्रश्न असा आहे: ‘माझा ई-रीडर तीन वर्षांचा. महिन्यातून जेमतेम दोनदा चार्जिंगला लावते. आता केबल एका ठरावीक कोनात धरून त्यावर जाडसं पुस्तक ठेवलं, तरच चार्ज होतो. सेवा केंद्रवाले म्हणाले, आम्ही उघडत नाही, सवलतीत नवा घ्या. पोर्ट इतकं तकलादू का करतात? आणि नव्याला टाइप-सी आहे, ते तरी टिकेल का?’

पुस्तक वाचण्यासाठीच्या यंत्रावर पुस्तकाचं वजन ठेवायची वेळ यावी, यावर हसावं की रडावं कळत नाही. पण हे पुस्तक ठेवणं आजपासून बंद करा. का ते पुढे सांगतो.

मी पुण्यात एकवीस वर्षं मोबाइल-टॅब दुरुस्तीचं काम करतो. सुरुवात तापकीर गल्लीत एका काउंटरमागे बसून केली, आता स्वतःचं छोटं दुकान आहे. ई-रीडर तसे कमी येतात. पण डिसेंबर २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर मराठी पुस्तकं आली, त्यानंतर गिऱ्हाइकाचा चेहरा बदलला. आधी आयटीतली पोरं यायची. आता अक्षर मोठं करून वाचता येतं म्हणून आजी-आजोबांचे ई-रीडर येतात आणि ‘मुलाने अमेरिकेहून आणलाय, जपून हां’ एवढं सांगून टेबलावर ठेवले जातात. तक्रार बहुतेक वेळा तुमचीच: पिन ढिली झाली.

आधी एक हिशेब करू. तुमच्या यंत्रावर आहे त्या मायक्रो-यूएसबी पोर्टचं मानक २००७ मध्ये आलं, तेव्हा त्याची क्षमता ठरवली होती १०,००० वेळा लावणं-काढणं. त्याआधीच्या मिनी-यूएसबीची ५,००० होती आणि संगणकाच्या जुन्या चपट्या यूएसबीची फक्त १,५००. तुम्ही महिन्यातून दोनदा लावता, म्हणजे वर्षाला २४. या गतीने १०,००० व्हायला चारशे सोळा वर्षं लागतात. शिवरायांच्या जन्माआधी चार्जिंगला लावायला सुरुवात केली असती, तर पोर्ट आत्ता कुठे झिजत आलं असतं. तुमचं बहात्तराव्या वेळेला गेलं.

म्हणजे कंपन्या खोटं बोलतात का? नाही. तो आकडा खरा आहे, पण तो झिजेचा आहे. प्रयोगशाळेत यंत्र प्लग धरतं, सरळ रेषेत आत घालतं, सरळ रेषेत बाहेर काढतं. घरात पोर्ट त्या कारणाने जवळजवळ कधीच जात नाही. घरात ते वाकवल्याने जातं.

ई-रीडर वाचताना धरतात कसा ते आठवा. आडवं पडायचं, खालची कड पोटावर किंवा छातीवर टेकवायची. आणि पोर्ट कुठे असतं? बहुतेकांना बरोबर त्याच खालच्या कडेला. बॅटरी संपत आली की माणूस केबल लावतो आणि वाचणं चालूच ठेवतो, कारण प्रकरण रंगात आलेलं असतं. आता प्लगचं बाहेर आलेलं डोकं पोटावर टेकलंय आणि वरून यंत्राचं वजन आहे. प्लग आत जातो पाच-सहा मिलिमीटर, बाहेर राहतो पंचवीसेक मिलिमीटर. शाळेत शिकलेली तरफ आहे ही. बाहेरच्या टोकावर एक किलोचा दाब पडला, तर आत सोल्डरच्या टाक्यांवर, म्हणजे पोर्ट बोर्डाला जोडणाऱ्या वितळवलेल्या धातूच्या ठिपक्यांवर, चार-पाच किलोचा पडतो. असे टाके चार-सहा, प्रत्येक तांदळाच्या कणीएवढा. केबलवर पुस्तक ठेवू नका म्हणालो ते यासाठी. त्या पुस्तकाने संपर्क जुळतो खरा, पण उरलेले टाकेही तेच उपटून काढतं. टाके गेले तर पोर्ट बदलता येतं. त्याखालचा तांब्याचा थर बोर्डावरून सोलून निघाला, तर काम तिप्पट वाढतं.

गंमत अशी की फोन आपण रोज चार्ज करतो, कधी दिवसातून दोनदा, तरी फोनचं पोर्ट गेलं की कुणी हवालदिल होत नाही. कारण बऱ्याच फोनमध्ये पोर्ट मुख्य बोर्डावर नसतंच. खाली एक छोटी वेगळी पट्टी असते, आमच्या बाजारात तिला सीसी बोर्ड म्हणतात. पोर्ट तुटलं की ती पट्टी काढायची, नवी बसवायची, दोन स्क्रू, एक चपटी केबल, पंधरा मिनिटं. मी उघडलेल्या बहुतेक ई-रीडरमध्ये मात्र पोर्ट थेट मुख्य बोर्डावर चिकटवलेलं होतं. प्रोसेसर, मेमरी, वायफाय सगळं ज्या बोर्डावर, त्याच्याच कडेला हा रोज धक्के खाणारा भाग. घरातल्या दाराची कडी थेट फ्यूजबोर्डाला ठोकण्यातला प्रकार आहे हा.

माझा खरा राग इथेच आहे. पोर्ट नाजूक असणं मला मान्य आहे. सात मिलिमीटर रुंदीची वस्तू किती दणकट असणार? प्रश्न आहे धक्का कुठे जिरवायचा, आणि हा निर्णय पोर्ट बनवणारा घेत नाही, यंत्राचा आराखडा काढणारा घेतो. पोर्टच्या पत्र्याच्या कवचाला पाय असतात. ते बोर्डाला भोक पाडून आरपार नेऊन पलीकडून सोल्डर केले, तर पोर्ट हलता हलत नाही. तेच पाय वरच्या वर, टिकली चिकटवावी तसे लावले, तर जोर आला की टिकलीसारखे उचकटतात. पोर्टच्या वर आणि खाली यंत्राची प्लास्टिकची फ्रेम घट्ट टेकत असेल, तर दाब फ्रेमवर जातो. मध्ये अर्धा मिलिमीटर फट ठेवली, तर तो सोल्डरवर येतो. त्यात २००६ मध्ये युरोपने शिशावर बंधनं घातल्यापासून सोल्डर बिनशिशाचं झालं. पर्यावरणासाठी बरंच झालं, पण ते कडक असतं. धक्का बसला की जुन्यासारखं जरा दबून घेत नाही, तडकतं. आराखडा चांगला असेल तर याने काही बिघडत नाही. वाईट असेल तर पहिली चीर इथेच पडते.

आरपार पाय, टेकू देणारी फ्रेम, वेगळी पट्टी. तिन्ही मिळून खर्च किती वाढेल? एका वडापावच्या आसपास, असा माझा अंदाज. मग का करत नाहीत? अ‍ॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी २०१२ मध्ये बीबीसीला उघडच सांगितलं होतं की किंडल आम्ही खर्चाच्या भावात विकतो, कमाई पुस्तकांवर होते. यंत्रावर नफाच नसेल तर प्रत्येक रुपया वाचवला जाणार. आणि यंत्र मेलं तरी तुमची विकत घेतलेली पुस्तकं त्यांच्याच खात्यात असतात, त्यामुळे तुम्ही फिरून त्यांच्याकडेच जाता. तुम्हाला ‘सवलतीत नवा घ्या’ म्हणाले ना, त्यातली सवलत अशी येते.

हे नेहमी असंच होतं असंही नाही. नोव्हेंबर २००७ मधला पहिला किंडल दिसायला बेढब होता, पण त्याचं मागचं झाकण हाताने निघायचं, बॅटरी घरी बदलता यायची, मेमरी कार्डाला खाच होती. २००९ च्या दुसऱ्या आवृत्तीत झाकण आणि खाच दोन्ही गेले. यंत्र सडपातळ झालं आणि दार बंद झालं.

‘पाणी आत जाऊ नये म्हणून चिकटवावं लागतं’ हे उत्तर ठरलेलं असतं, पण ते अर्धंच खरं आहे. कोबो या दुसऱ्या कंपनीचा लिब्रा कलर हा ई-रीडर २०२४ मध्ये आला, तो पाण्यात टिकतो आणि तरी दुरुस्तीयोग्य म्हणून विकला जातो. कोबोने त्याच वर्षी आयफिक्सिट या दुरुस्ती शिकवणाऱ्या कंपनीशी हात मिळवून दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग द्यायचं जाहीर केलं. म्हणजे मनात असेल तर जमतं.

आता तुमच्या यंत्राकडे येऊ. पोर्टच मेलंय असं गृहीत धरू नका. मायक्रो-यूएसबी बनवणाऱ्यांनी एक शहाणपणा केला होता: झिजणाऱ्या स्प्रिंगा यंत्रातल्या सॉकेटमध्ये न ठेवता केबलच्या टोकाला दिल्या. प्लगच्या चपट्या बाजूवर दोन बारीक हुक दिसतील, तेच ते. झिजायचं तर केबलने झिजावं, केबल स्वस्त. त्यामुळे आधी दुसरी नवी केबल लावून पाहा, शक्यतो डेटाही नेणारी. लावताना खट्कन बसली, तर दोष जुन्या केबलचा होता. तुमच्या ई-रीडरला जाड कव्हर असेल तर ते काढून पाहा. कव्हरची कापलेली खाच लहान आणि केबलचं डोकं जाड, की प्लग पूर्ण आत जातच नाही. अर्धवट संपर्कात पिना तापतात.

मग विजेरी घेऊन पोर्टमध्ये डोकवा. पिशवीतला, पर्समधला, उशीच्या अभ्र्याचा कचरा आत दाबला जाऊन तळाशी नमद्यासारखा बसतो. माझ्याकडे ‘पोर्ट बदला’ म्हणून आलेल्या कितीतरी यंत्रांत मी फक्त हा बोळा काढून दिला आहे. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. यंत्र बंद करून लाकडी टूथपिकचं टोक चपटं करायचं आणि पिना नाहीत त्या बाजूने हलकेच उकरायचं. सुई, टाचणी, सेफ्टी पिन अजिबात नको. कोकणातून किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या घरातून आलेल्या यंत्रांत दुसरीच गोष्ट दिसते: पिनांवर हिरवट चढ. खारी हवा आणि चार महिन्यांचा ओलावा. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश लागतो, आणि नंतर नीट वाळवणं. घरगुती सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि जेल असतं.

आणखी एक. ई-रीडर महिनोन्महिने कपाटात पडला असेल तर बॅटरी इतकी खाली जाते की लावल्यावर काहीच दिसत नाही, दिवासुद्धा नाही. माणूस दहा मिनिटं बघतो आणि पोर्ट गेलं म्हणतो. साध्या ५ व्होल्टच्या चार्जरला तीन-चार तास लावून ठेवा आणि मग पॉवरचं बटण चाळीसेक सेकंद दाबून धरा. ई-शाईचा पडदा वीज फक्त पान बदलताना खातो, त्यामुळे जुनं चित्र तसंच राहतं आणि यंत्र गोठलंय की मेलंय हे वरून ओळखता येत नाही. चित्र दिसतंय म्हणजे जिवंत आहे, असं नसतं.

हे सगळं करूनही केबल हलवल्यावर चार्जिंग जातं-येतं, किंवा प्लग लावून बोटाने हलकं ढकललं की पोर्ट आतल्या आत डुलतं, तर टाके सुटले आहेत. तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतं. हे दुरुस्त होतं. पोर्टचा सुटा भाग वीस-तीस रुपयांचा असतो. पैसे लागतात ते उघडण्याच्या जोखमीचे.

ती जोखीम समजून घ्या, कारण तुम्ही जवळच्या मोबाइलवाल्याकडे जाल आणि तो रोज फोन उघडतो, ई-रीडर नाही. फोनच्या पडद्याची काच जाड असते. ई-शाईच्या पडद्याच्या आत, ज्यावर सगळं चित्र उमटतं, ती काच कागदासारखी पातळ असते आणि वरून दिसत नाही. फोनच्या सवयीने कडेतून उघडायची पातळ पट्टी सारली की आत बारीकसा ‘टक्’ आवाज होतो आणि पडद्याचा एक कोपरा कायमचा रेघारेघांचा होतो. नवा पडदा म्हणजे जवळजवळ नवं यंत्र. मी स्वतः पहिल्या वर्षी असे दोन पडदे फोडले आहेत. एकाची भरपाई दिली, दुसरा गिऱ्हाइकाने माफ केला. तेव्हापासून ई-रीडर हातात आला की मी आधी घड्याळ काढून ठेवतो, चहा बाजूला सारतो.

म्हणून दुरुस्तीवाल्याला काही गोष्टी आधी विचारा. याआधी ई-रीडर उघडला आहे का? उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढणार का? ‘हो, तो तर काढायलाच लागतो’ असं सहज उत्तर आलं तर माणूस बरा. पोर्ट काढताना बोर्ड पडद्यापासून वेगळा करणार, की तिथेच गरम हवा मारणार? हे सगळ्यात महत्त्वाचं. बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांना वितळतं आणि ते वितळवायला हवा तीन-साडेतीनशे अंशांची मारावी लागते. पडदा आणि बॅटरी दोन्ही शेजारी असतात. चांगला कारागीर बोर्ड बाहेर काढतो, आजूबाजूला उष्णतारोधक टेप लावतो, जुन्या टाक्यांत थोडं शिशाचं सोल्डर मिसळून वितळणबिंदू खाली आणतो आणि मग पोर्ट चिमट्याने उचलतो, ओढत नाही. तांब्याचे थर उखडलेच असतील, तर केसासारख्या तारेने जंपर ओढून जोड देता येतो. दिसायला सुंदर नसतं, पण चालतं. नवं पोर्ट बसल्यावर कवचाच्या पायांना जास्तीचं सोल्डर द्यायला सांगा. मी तर पोर्टच्या मागे इपॉक्सी गोंदाचा एक थेंबही देतो. कंपनीने न दिलेला टेकू आम्ही असा मागून देतो.

‘होऊन जाईल, दहा मिनिटांत देतो’ म्हणणाऱ्याकडे देऊ नका.

आता टाइप-सी. मानक ऑगस्ट २०१४ मध्ये आलं. किंडलच्या पेपरव्हाइटला ते २०२१ मध्ये मिळालं, साध्या किंडलला २०२२ मध्ये. फोनवाले तोवर कधीच पुढे गेले होते. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून ई-रीडरला टाइप-सी असणं कायद्याने सक्तीचं झालं. टिकेल का? मायक्रोपेक्षा बरं टिकेल. उलटसुलट कसंही जातं, त्यामुळे चुकीच्या बाजूने रेटून पिना वाकवण्याचा प्रकार संपला, आणि मायक्रोचे बरेच बळी त्याच रेटारेटीचे असत. कवच जास्त मजबूत आहे. पण आकडा इथेही तोच, १०,०००. तरफही तीच. वर एक नवी कमजोरी आली: टाइप-सीच्या सॉकेटच्या मध्यभागी एक जीभ असते, मिलिमीटरभरही जाड नाही, तिच्या दोन्ही बाजूंना मिळून २४ संपर्क. ती तुटली की काम तमाम. कचरा काढताना टूथपिक त्या जिभेवर दाबू नका, कडेने फिरवा.

नव्या यंत्रांत एक वेगळाच घोळ दिसतो, तो पोर्ट तुटण्याचा नाही. फोनबरोबरची दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली तर काहीच होत नाही. जुनी, एका टोकाला चपटी यूएसबी असलेली केबल लावली की चार्ज होतं. गिऱ्हाईक म्हणतं पोर्ट खराब. पोर्ट ठणठणीत असतं. टाइप-सीचा चार्जर समोरच्या यंत्राने ‘मी आहे’ अशी खूण दिल्याशिवाय वीज सोडत नाही, आणि ती खूण म्हणजे ५.१ किलोओहमचे दोन रोधक. पैशांत मोजावी अशी किंमत. काही स्वस्त यंत्रं ते घालतच नाहीत. आणि हे फक्त सोम्यागोम्याचं होतं असं समजू नका: २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या नावाजलेल्या छोट्या संगणक-बोर्डातही दोनऐवजी एकच रोधक दोघांत वाटून दिला होता, आणि काही केबलींवर तो चालूच होत नव्हता. तेव्हा नवा ई-रीडर घेतला की पहिल्याच दिवशी दोन्ही प्रकारच्या केबल लावून पाहा. परत करायची मुदत असते तोवरच.

चुंबकाचं टोक पोर्टमध्ये कायमचं बसवून ठेवायची टूम निघाली आहे. मला ती पटत नाही. झिज वाचते, पण झिज हा आपला रोगच नव्हता. ते टोक कडेबाहेर डोकावतं आणि पिशवीत कशाला तरी अडकून स्वतःच तरफ बनतं. त्यापेक्षा काटकोनात वळलेल्या डोक्याची केबल घ्या, बाहेर येणारी लांबीच कमी होते. बजेट असेल तर बिनतारी चार्जिंगचं मॉडेल पाहा. पेपरव्हाइटच्या सिग्नेचर आवृत्तीत ते २०२१ पासून आहे, पोर्टला हातच लावायला नको. माझ्या आईला मी तोच दिला, आणि तरी ती केबलच लावते, कारण ‘नुसतं ठेवून कसं चार्ज होईल?’

सरकारकडे दाद मागायची तर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि ‘आम्ही उघडत नाही’ म्हणणाऱ्या सेवा केंद्राला त्याने घाम फुटत नाही. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान यंत्रांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी असा नियम लागू होतोय. बॅटरी काढता यायची तर झाकण उघडावं लागणार, आणि झाकण उघडलं की पोर्टही हाताशी येतं. मला आशा आहे ती तिथूनच, कारण जगासाठी दोन साचे करणं कंपनीला परवडत नाही.

तोवर तुमच्यापुरतं: यंत्र तीन वर्षांचं आहे, पडदा चांगला असेल तर नवं घेऊ नका, दुरुस्त करा. हजार रुपयांच्या आत व्हायला हवं, जंपर ओढावा लागला तर थोडं जास्त. देण्याआधी वायफायवर सिंक करून घ्या, म्हणजे खुणा आणि टिपणं खात्यात जातील. बॅटरी पूर्ण संपवून देऊ नका, निम्म्यावर असू द्या, दुरुस्तीनंतर तपासायला सोपं जातं. आणि जाताना ती केबलही बरोबर न्या. नवं पोर्ट बसवून झिजलेली जुनी केबल लावणारे लोक महिन्याभरात परत येतात, आणि मग भांडण माझ्याशी होतं.